इहीनबाईचं नाव रेकॉर्डात

८ जाने.
मिथिला पुण्याहून आली. संग चार पोरी आन माणसाएवढी उभी सारंगी, दारातून आडवी करून घ्या लागली. वर्ध्याले बायांच्या गाण्याचा महोत्सव आहे, तिथं गाणार. जागेवर जसं निघन तसंच रेकॉर्ड होऊन अल्बम निघणार. पुन्हा गाणं नाई, दुरुस्ती नाई.
नातीनं मलेच गोवलं. "आजी, शेवटी तू इहीनीचं गाणं म्हण."
सुभाष, तिचा बाप, म्हणे, "माय, लोक काय म्हणतीन?"
"लोक तिकीट काढून येऊन राह्यले. म्हणतीन ते ऐकू."

९ जाने.
त्याईच्या गाण्याले जॅझ म्हणते. पहिले वाटलं पोरी गाणं विसरून राह्यल्या. मंग ध्यानात आलं, विसरत नाई, उभ्या उभ्या नवं बनवते. एक बोलते, दुसरी उलटून देते. मंग आमचं काय वेगळं असते?
पोरीईले सांगा लागलं: लग्नात पोरीकडच्या बाया पोराच्या मायले, इहीनीले, गाण्यातून हाणते, मंग पोराकडच्या बाया उलटून हाणते. मांडवात कोणी रागवाचं नाई. नाव घालाच लागते, नाईतर गाणं लागत नाई.
मिथिला म्हणे, "खरं नाव नको घालू, आजी. कमळा म्हण."
बरं म्हणलं.

११ जाने.
गायली. कमळा कुठची येते! आजवर इतक्या लग्नात गायली, 'इहीन' म्हणलं का पुढं खरंच नाव येते.
सुमन इहीनीच्या वरणात डाळ शोधाले गेली माशी,
पोहून पोहून दमली बाई, परत आली उपाशी.
ढोलवाल्या पोरीची हसता हसता काडी पडली, तिनं ती उचलून ठेक्यातच मारली. हॉल नुसता उसळला.
सुमनबाई तिसऱ्या रांगेत. पवनारची, माह्या लेकीची, वंदनाची सासू. वंदनानंच तिले हौसेनं आणलं होतं. सगळे हसले. ती नाई.

१४ जाने. संक्रांत
वंदनाचा फोन. "माय, तू काय करून ठेवलं वो? आत्याबाई आता वरण एवढं घट्ट करते का वगराळं उभं राह्यते. पोरं खात नाई."
"तिळगूळ देल्ला का तिले?"
"घेतला. तोंडात टाकला. बोलली नाई."

१७ जाने.
मिथिला म्हणे, अल्बमात सगळ्यात चांगलं तेच गाणं निघालं. पण जवाईबापूनं, सुमनबाईच्या पोरानं, तिले फोन केला, "माह्या मायचं नाव काप." तिनं कापून पाह्यलं. तिथं उंदरानं कुरतडल्यासारखं लागते म्हणे, ठेकाबी जाते, हसणंबी जाते. म्हणलं, घरी बसून पुन्हा गाते. तर पोरी नाई म्हणते. बरोबरच आहे. वरात गेल्यावर अक्षता टाकाले कोणी जाते का?
मंग ठरलं असं: सुमनबाई हो म्हणन तर गाणं जसंच्या तसं राहीन. नाई म्हणन तर पुरं काढाचं.
सुभाष म्हणे, "माफी माग आन काढू दे."
"गाण्यातल्या शिवीची माफी? मंग आजवरच्या सगळ्याच लग्नाईची मागा लागन."
काढू देणार नाई. म्हातारपणी एक गाणं नातीसंग गायली, ते राहीन.

२० जाने.
वर्ध्याहून एसटीनं पवनार. एकटी गेली, कोणाले संग घेतलं नाई.
सुमनबाईनं ताट वाढलं. वरण!
"खा इहीनबाई. माशी बुडते का पहा."
"बुडते कायची, चालत पल्याड जाईन."
तिच्या ओठाचा कोपरा हालला. लगेच पदर लावला तोंडाले.
मंग म्हणे, "गाण्याचा राग धरत नसते, हे मले काय तुमी शिकवता? पण एकाच बाजूनं गाऊन लग्न लागते का? माही पाळी कुठं गेली? मले खाली बसवलं आन तुमी मायकासमोर."
खरं बोलली. तिची पाळी म्या खाल्ली, आन मले पत्ताच नाई. बाकी सारे नावासाठी भांडून राह्यले.
"मंग हो म्हणता का नाई?"
"पहिले पाळी. मंग सांगीन."
येताना बसमध्ये जागा नाई भेटली. उभीनंच आली. बरं वाटत होतं.

२१ जाने.
मिथिलाले सांगतलं. ३० ले नागपुरात याच पोरीईचं गाणं आहे, तेबी रेकॉर्ड होणार. सुमनबाईले तिथं उभी करते म्हणे.
सुभाषनं डोक्याले हात लावला. "माय, ते तुले साऱ्या जगासमोर धुईन!"
"धुवो."

२६ जाने.
वंदना सांगत होती, आत्याबाई भाकरी थापता थापता गुणगुणते, मी गेली का चूप. काय घालून राह्यली ते सांगत नाई. एवढंच म्हणे, "तुया मायचं नाव चालीत बेस बसते."
गयाबाई. बसनच.
घरचं वरण पातळ झालं का इचारलं. नाई म्हणे, अजून.

३० जाने. नागपूर
हॉलात बसून लिहून राह्यली. सुमनबाई ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली. मिथिलानं इचारलं, "मोठ्याआई, मग आजीच्या गाण्याला हो समजू ना?" तर म्हणे, "मले आधी गाऊ तर दे, बाई."
तिले माह्याबद्दल काय काय माईत आहे ते आठवून पाह्यलं. लय निघालं, सोडून देल्लं.
पोरीले बजावलं, ते काईबी म्हणो, एक अक्षर कापाचं नाई. सुभाष मांगं जाऊन बसला. मी पुढच्याच रांगेत, मधात, तिले नीट दिसन अशी.
पोरीईनं ठेका धरला. सुमनबाई मायकाजवळ आली, माह्याकडं पाह्यलं.
खाकरून राह्यली.