नळाचा मान शेजाऱ्याला

आदरणीय पाकेर यांस,

मेंढी देणाऱ्याचा मेंढी घेणाऱ्याला नमस्कार. (लग्नात ती मेंढी दिली तेव्हापासून आपण दोघं एकमेकांना 'पाकेर' म्हणतो, आणि ती किंचित लंगडी होती हे तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा.) गुरं कशी आहेत? तांबडी गाय व्याली का? तुमच्या बाजूला गवत आहे ना? मुलं, वहिनी, थोरल्या आई सगळी खुशाल असतील. सध्या तुमच्या घरी ज्या पाहुण्या आल्या आहेत, त्यांचीही तब्येत चांगली असेल. तुमची बहीण नेंपिरिस चार दिवस माहेरी विश्रांतीला आली आहे, असं मी इथे सगळ्यांना सांगतो, आणि सगळे माझ्याकडे बघून मान डोलावतात. हे पत्र त्याबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट करतो. फोनच केला असता, पण हल्ली तुमचा फोन तीच उचलते आणि माझा आवाज ऐकला की "राँग नंबर" म्हणून ठेवून देते. म्हणून संस्थेच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर हा कागद पाठवतो आहे.

तर संस्थेबद्दल. आमच्या वस्त्यांच्या विकासासाठी नैरोबीहून एक संस्था आली आहे आणि तिच्या मुकामीबाई म्हणून एक अधिकारी आहेत. माणूस चांगला, फक्त प्रत्येक गोष्ट आम्हालाच विचारतात. बोअर कुठे मारू, पाइप कुठून नेऊ, हे सगळं लोकांनीच ठरवायचं असा त्यांच्या वरिष्ठांचा हुकूम आहे म्हणे. बोअरला पाणी लागलं, गोडं लागलं, आणि मग प्रश्न आला की नळ आणि गुरांचा हौद बसवायचा कुणाच्या दारी? नळ एकच. बाईंनी आजवर अनेक गावांत यावरून डोकी फुटलेली पाहिली होती, त्यामुळे आमच्या सभेला येताना त्यांनी गाडी भरून सोड्याच्या बाटल्या आणल्या होत्या, माणसं तापली की थंड करायला.

सभा नेहमीच्या झाडाखाली भरली. पुरुष सावलीत, बायका पलीकडे उन्हात. मेपुकोरी काठी टेकत उठले (आमचे शेजारी, तुम्ही ओळखताच, स्वतःच्या सावलीतही दुसऱ्याला बसू न देणारा माणूस) आणि म्हणाले की एवढा मोठा मान माझ्या गरिबाच्या दाराला शोभणार नाही, नळ न्कदायो यांना द्यावा, ते वयाने थोर आहेत. न्कदायो उठले आणि म्हणाले की मी पिकलं पान, मला आता पाणी काय करायचं, तो मान किसेमेईला द्या, त्याच्या घरी तान्हं मूल आहे. किसेमेईने तान्ह्या मुलाची शपथ घेऊन तो पुढे ढकलला. मुकामीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी निःस्वार्थी माणसं आपण जन्मात पाहिली नाहीत, असं म्हणत त्यांनी मोबाइलवर सगळ्यांचं चित्रीकरण केलं.

आता तुम्ही गुरांचे मालक, तुम्हाला यातली मेख सांगायला नको. ज्याच्या दारी हौद, त्याच्या दारी साऱ्या मुलखाची गुरं. आठवडाभरात गवताची काडी उरत नाही, नुसती धूळ आणि माश्या. शिवाय गुरं पाणी पितात तोवर त्यांचे मालक तुमच्या कुंपणाशी टेकतात, आणि टेकलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो, आमच्याकडची माणसं चहात साखर किती घालतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

माझी पाळी आली. पाकेर, मी त्या दिवशी जसं बोललो तसं आयुष्यात कधी बोललो नव्हतो. पूर्वजांपासून सुरुवात केली, पावसावर आलो, शेजारधर्मावर बराच वेळ थांबलो, आणि शेवटी नळाचा मान मेपुकोरींच्याच पदरात परत टाकला. म्हातारी माणसं वाहवा म्हणाली. घोळ एवढाच झाला की त्या सकाळी नेंपिरिसने मला एकच गोष्ट सांगितली होती. ओढ्याच्या वाळूतल्या खड्ड्यातून पाण्याचा डबा भरून, पट्टा कपाळावर घेऊन ती उजाडायच्या आधी जाते आणि ऊन चढल्यावर येते. तिची पाठ आता दुखते. ती म्हणाली होती, "तुंपेसच्या बाबा, नळ आपल्या दारी मागा, बाकी मला काही नको." मी "बरं बरं" म्हणालो होतो. (मी गुरांकडे बघत होतो. एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष जातं माझं.)

घरी आलो तर ती गाठोडं बांधत होती. "छान बोललात," म्हणाली. "आता तहान लागली की तेच प्या." आणि धाकट्याला पाठीशी बांधून, दोन्ही गाढवं घेऊन ती तुमच्याकडे आली. गाढवं तिचीच आहेत, माझं काही म्हणणं नाही, पण पाणी गाढवांवरूनही येत असे, हे मला नंतर आठवलं.

इकडे सभेने एकमताने ठरवलं की नळ टेकडीमागे बसवावा, जिथे कुणाचंच घर नाही. ती जागा ओढ्याहूनही लांब आहे आणि तिथे तरस राहतात. मुकामीबाई बराच वेळ नकाशाकडे बघत बसल्या.

मग पाणी आणायला मी गेलो. ऐन दुपारी गेलो, पुरुष झाडाखाली झोपलेले असतात तेव्हा. खड्ड्याशी बायकांची रांग. मला बघताच पहिली बाजूला झाली आणि म्हणाली, "छे छे, तुम्हाला आधी भरू द्यायचा मान माझ्यासारखीला कुठला! मागच्या बाईला द्या." मागचीने तो तिच्या मागचीला दिला, तिने वयाने थोर असलेलीला. पूर्वजांपासून शेजारधर्मापर्यंत माझं सगळं भाषण त्यांनी रांगेत उभ्या राहून म्हणून दाखवलं, आणि माझा नंबर आला तेव्हा खड्ड्याच्या तळाशी थोडं गढूळ पाणी उरलं होतं. डबा पाठीवर आणि पट्टा कपाळावर घेतला. तो डोळ्यांवर घसरला, मी काट्यात गेलो, अर्धं पाणी शेल्याने प्यायलं. तेव्हा कळलं, पाकेर. ती हे रोज करत होती आणि घरी आल्यावर मी विचारत असे, चहाला एवढा उशीर का?

दुसऱ्याच दिवशी मी सभा बोलावली आणि उभा राहून म्हणालो, नळ माझ्या दारी द्या. भाषण एवढंच. मग मेपुकोरी डोळे बारीक करून म्हणाले की सिरोंका मागतोय म्हणजे यात नक्की काहीतरी फायदा आहे, आणि विचार करता नळ आपल्या दारीच बरा दिसेल. न्कदायोंना वयाचा मान आठवला. किसेमेईला तान्हं मूल आठवलं. काठ्या वर गेल्या. बाईंना हायसं वाटलं, त्यांनी लगबगीने सोडा वाटला. शेवटी नळ मला मिळाला, पण कुंपणाला लागून वासरांसाठी मी जे कुरण राखलं होतं ते सगळ्यांच्या गुरांना मोकळं करून. माझ्या वडिलांनी राखलेलं कुरण. तरी हो म्हणालो.

असो. इकडे बाकी सर्व ठीक. मुलं नमस्काराला डोकी वाकवतील तेव्हा त्यांवर माझ्या वतीनेही हात ठेवावा.

आपला,
सिरोंका

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. कुरण गेल्यामुळे माझी वासरं उपाशी मरतील. तुमच्या बाजूला गवत असेल तर काही दिवस ठेवून घ्याल का? पत्र त्यासाठीच होतं.

ता. क. २. वासरं घेऊन मी स्वतः येईन. त्यांच्यात एक कालवड जरा धष्टपुष्ट दिसेल. ती चरायला आणलेली नाही. रुसलेल्या बायकोला न्यायला नवरा रिकाम्या हाताने येत नाही, एवढी रीत मलाही माहीत आहे. या वेळी चारही पाय तपासून घेतले आहेत.

ता. क. ३. नळ बसून तयार आहे, पण बायका तो उघडू देत नाहीत. पहिला हात नेंपिरिसचा लागेल, मगच पाणी, असं त्यांनी मुकामीबाईंना बजावलं आहे, आणि लोकांनीच ठरवायचं हा नियम असल्याने बाईंचाही नाइलाज आहे. मुलखाची तहानलेली गुरं माझ्या दारात उभी राहून हंबरतात. नेंपिरिस तुम्हाला विचारेल की नळ ते चूल एवढं पाणी कोण आणणार. मी आणेन म्हणावं. कुणी बघत नसलं की. बरं, बघत असलं तरी.