बाबा, तुम्हाला मी डिस्टिंक्शन दिलं

प्रिय बाबा,

आज रविवार, इथला कामाचा पहिला दिवस. मस्कतला कुरुमच्या ऑफिसात बसले आहे, आठवड्याचं पहिलं काम म्हणून एक मेल उघडली आहे, आणि तिला उत्तर द्यायचं सोडून तुम्हाला लिहायला घेतलंय. तुम्ही गेलात तेव्हा सगळ्यांनी तुमच्याबद्दल चार ओळी लिहिल्या, मी नाही लिहिल्या. रडू येतं, असं कारण सांगायची. आज रडू येत नाहीये. आज लाज वाटतेय, आणि ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही.

मेल तुमच्या इंग्लंडातल्या विद्यापीठाची आहे. त्यांच्या वेबसाइटवर नामवंत माजी विद्यार्थ्यांचं एक पान आहे. मंत्री आहेत त्यात, शास्त्रज्ञ आहेत, कोणी एक गिर्यारोहकही आहे. आता त्या पानावर आखाती देशांतली काही नावं घालायची आहेत आणि त्यात तुमचं नाव आहे! मजकूर मीच लिहून दिला होता. सगळं बरोबर आहे ना, तेवढं कळवा, इतकंच ते विचारतायत. मी त्यांचीच पदवी देणाऱ्या इथल्या कॉलेजात नोकरीला, त्यामुळे माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे. मी 'हो' म्हटलं की झालं.

पण सगळं बरोबर नाही, आणि ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

झालं असं. इथल्या एका हॉटेलात त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचं संमेलन होतं. हयात नसलेल्या काही जणांचा गौरव करायचा होता. तुमचं नाव मी सुचवलं. आता रुस्ताकच्या बाजारात दवाखाना टाकून बसलेला डोळ्यांचा डॉक्टर नामवंत कसा, असं कुणी विचारू नये, म्हणून मी मजकुराला जरा फोडणी दिली. ओमानच्या अंतर्भागात नेत्रसेवेचा पाया घातला, असं लिहिलं. पाया! तुम्ही वाचलं असतंत तर चष्मा काढून माझ्याकडे बघत बसला असतात. आणि त्याच्याच पुढे लिहिलं, डिप्लोमा डिस्टिंक्शनमध्ये पास. लग्नाच्या बायोडाटात मुलाचा पगार वाढवून लिहितात ना, तितक्याच सहजपणे लिहिलं.

खरं काय ते अख्ख्या रुस्ताकला माहीत होतं, कारण तुम्हीच सांगत सुटायचात. तोंडी परीक्षेला तुमच्यापुढे एक म्हातारा इंग्रज पेशंट बसवला होता. तुम्ही त्याची विचारपूस सुरू केलीत. त्याची मुलगी कुठे असते, त्याचा गुडघा का दुखतो, त्याच्या परसातले टोमॅटो यंदा कसे आलेत. परीक्षकांनी वेळ संपल्याचं सांगितलं तोवर तुम्ही त्याच्या डोळ्यांत टॉर्चसुद्धा मारला नव्हता. नापास! दुसऱ्या खेपेला पास झालात, तेही काठावर. हा किस्सा सांगताना तुम्ही इतके हसायचात की शेवट दुसऱ्यालाच पुरा करावा लागायचा. बहुतेक वेळा तो बशीरचाचा पुरा करायचे.

मला मात्र त्या किश्शात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही. माझ्या शाळेतल्या मुलींचे बाबा तेल कंपनीत, बँकेत. माझे बाबा आठवडाभर रुस्ताकला, आणि आले की पाहुण्यांना स्वतःच्या नापासाची गोष्ट सांगणार. मी आतल्या खोलीत जाऊन बसायची. तुमच्या लक्षात आलं होतं का हो कधी? आलं असेल तर मला बोलावून चार शब्द का सुनावले नाहीत? तेव्हाच कान पिळला असतात तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण तुम्हाला कुणाचाच कान पिळता आला नाही.

आणि बशीरचाचा. माझ्या शाळेसाठी आई आणि मी मस्कतला राहिलो, तुम्ही तिकडे. तुमची दुपारची जेवणं झाली ती त्यांच्याबरोबर. राजापूरकडचा हा माणूस तुमच्या दवाखान्याला लागून ओमानी पुरुषांच्या पायघोळ दिशदाशा शिवायच्या दुकानात बसायचा. तुम्हाला अरबी येत नव्हतं तेव्हा गिऱ्हाईक तसंच सोडून तुमच्या पेशंटचं दुखणं तुम्हाला आपल्या कोकणी मराठीत समजावायला यायचा. तुमचं अरबी शेवटपर्यंत राजापुरी वळणाचं राहिलं ते त्यामुळेच. गंमत म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या बायकांना तेच जास्त कळायचं.

संमेलनाला त्यांना मी बोलावलं नव्हतं. आईने परस्पर फोन केला. ते स्वतः शिवलेला सूट घालून आले, बाबा. मोहरीच्या रंगाचा. कुरुमच्या त्या हॉलमध्ये सगळे काळ्यानिळ्या सुटांत, ओमानी मंडळी पांढऱ्याशुभ्र दिशदाशांत, आणि मधूनच हा पिवळा सूट हसत हसत माझ्याकडे येतोय. मी काय केलं असेल? पुढच्या टेबलावर आईशेजारची खुर्ची रिकामी होती. मी त्यांना मागे नेलं, किचनच्या दाराजवळ, जिथे फोटोग्राफर आणि ड्रायव्हर बसले होते. विद्यापीठातर्फे इंग्लंडहून आलेल्या बाईंनी हे कोण, असं विचारलं. मी म्हटलं, बाबांच्या क्लिनिकमधला जुना स्टाफ.

तुमच्या जिवाभावाच्या मित्राला मी नोकर केलं. माझ्या तोंडून ते इतकं पटकन निघालं की मलाच नंतर कळलं.

मग बाईंनी तुमच्यावरचा मजकूर वाचला. 'डिस्टिंक्शन' हा शब्द आला आणि मागून खो खो हसण्याचा आवाज. चाचांना वाटलं, गंमत चालली आहे! तुमचाच किस्सा आता येणार, असं समजून ते हसले. माना वळल्या. माझे कान तापले. मजकूर संपल्यावर बाईंनी विचारलं, डॉक्टरांची आठवण कुणाला सांगायची आहे का? चाचा खुर्ची सरकवून उभे राहत होते. मला ते दिसलं. मी माइक ओढून घेतला आणि म्हटलं, वेळ फार झालाय, जेवण तयार आहे. ते अर्धवट उठलेले, तसेच खाली बसले. खाली बसताना त्यांनी कोटाची बटणं नीट केली.

जेवायला ते थांबले नाहीत.

परतताना गाडीत मी आईला म्हटलं, कार्यक्रम छान झाला ना? ती खिडकीबाहेर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना एवढंच म्हणाली, "तुझे बाबा असते ना, तर किचनच्या दाराजवळ जाऊन बसले असते." मला राग आला. खरं बोललं की येतो तसा.

त्यातच आणखी एक गोष्ट आठवून मन खात राहिलं. मध्यंतरी आमच्या कॉलेजात रुस्ताकचीच एक मुलगी पहिल्या वर्षाला नापास झाली. वडिलांना घेऊन माझ्यापुढे बसली होती, नाव काढून टाका म्हणत होती. मी तिला समुपदेशन विभागाचं माहितीपत्रक दिलं. तुमच्या परीक्षेची गोष्ट माझ्याजवळ होती. त्या मुलीला ती औषधासारखी लागू पडली असती. मी सांगितली नाही, कारण तुम्ही नापास झाला होतात हे माझ्या ऑफिसात कुणाला कळायला नको होतं. तिने नाव काढून टाकलं.

शेवटी परवा शुक्रवारी रुस्ताकला गेले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. हेही तुम्हाला सांगायला नको, तुम्हाला माहीत असेल. तुमच्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. चाचा शेजारी तसेच, इस्त्री करत होते. मला बघून इस्त्री उभी केली, स्टुलावरचे कपडे उचलले, बस म्हणाले. थर्मासमधला कहवा ओतून दिला, खजूर पुढे केले. मी काय काय ठरवून गेले होते! त्यातलं काहीच जमलं नाही. चुकले चाचा, एवढंच म्हणून खाली बघत राहिले.

त्यांनी माझ्या कपात आणखी थोडा कहवा ओतला. मग म्हणाले, "माजी लाज वाटली तुला, ती समजू शकतो गो. म्हातारा मानूस, रंग पन जरा भडकच झाला. पन तुला डाक्टरची लाज का वाटली?"

मी काय सांगणार होते, बाबा? की मला पास झालेले बाबा हवे होते? तुम्ही त्या परीक्षेत ज्यासाठी नापास झालात, तेच तर तुम्ही जन्मभर रुस्ताकात केलंत. आधी कहवा, आधी घरची विचारपूस, मग डोळा. बाहेर रांग लागलेली असली तरी. मी तुमचं जे होतं ते खोडलं आणि तिथे डिस्टिंक्शन लिहिलं.

मग मी विचारलं, तुम्ही त्या दिवशी माइकवर नापासाचीच गोष्ट सांगणार होतात ना? मला त्याचीच भीती होती.

चाचांनी मान हलवली. "नाय गो. ती तर डाक्टरनेच सगल्यांना सांगितलेली. मी सांगनार होतो, डाक्टर गेल्यापासून रुस्ताकात माज्याशी मराठी कोन बोलत नाय."

दुकानातले कारागीर बंगाली, त्यांच्याशी हिंदी. गिऱ्हाइकाशी अरबी. चाची गेल्या, मुलगे दुबईला, त्यांचा फोन आला तर आला. एक माणूस आपला एकटेपणा सांगायला नवा सूट शिवून रुस्ताकहून कुरुमला आला होता, आणि मी त्याला म्हटलं, जेवण तयार आहे.

निघताना ते दारापर्यंत आले. गाडी सावकाश चालव म्हणाले. तुम्ही म्हणायचात तसंच. मला माफ केलं, असं काही ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मागून मिळणारी ती गोष्ट नव्हे.

आता मेलचं उत्तर. मजकूर मी नव्याने लिहिला आहे. त्यात पाया नाही. असं लिहिलंय की हे डॉक्टर पहिल्या खेपेला तोंडी परीक्षेत नापास झाले, कारण ते पेशंटशी बोलत बसले. नंतर रुस्ताकात ते तसेच बोलत बसले आणि लोक लांबून त्यांच्याकडे डोळे दाखवायला येत राहिले. आणि हेही, की सुरुवातीच्या काळात त्यांच्या पेशंटचं म्हणणं त्यांना समजावून सांगणारे त्यांचे मित्र बशीरचाचा आजही त्याच बाजारात आहेत. सोबत एक ओळ जोडलीय की आधीच्या मजकुरात मी खोटं लिहिलं होतं. इतकं वाचून त्यांना तुम्ही नामवंत वाटला नाहीत आणि त्यांनी तुमचं नाव गाळलं, तर गाळू देत. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे. ही बघा, पाठवली मेल.

आणि एक शब्द देते, बाबा. दर शुक्रवारी मी रुस्ताकला जाणार आहे. आईला घेऊन, आणि तुमच्या नातवालाही. त्याचं मराठी तुम्हाला माहीतच आहे, प्रत्येक वाक्यात अडखळतो. अडखळू दे. चाचांना घाई नाही. माझ्याजवळ त्यांना द्यायला दुसरं काही नाही. तिथे जाऊन बसेन, आणि ते तुमच्याबद्दल सांगतील ते ऐकेन. नापासाच्या गोष्टीचा शेवट त्यांच्या तोंडून ऐकायचा आहे मला. तुम्ही तो कधी पुरा केलाच नाहीत, आणि मी दर वेळी आतल्या खोलीत होते.

तुमची,
मनू