साउनातलं चाक

टॉयव्होला, मिशिगन
३ ऑक्टोबर १९८८

ती. ऑन्नीदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि समुद्राचा फोटो पोचला. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

इकडे मेपलची पानं यंदा लवकर झडली. सकाळी शेतावर धुकं असतं. जाग येते तेव्हा क्षणभर वाटतं, रेइनो माझ्या शेजारून उठून बाहेर लाकडं फोडतोय. मग आठवतं, की वसंतातच आपण त्याला पोचवून आलो. त्या एका क्षणासाठी मी हल्ली लवकर झोपते.

आता कामाचं. त्याचं बर्फ उडवायचं यंत्र बाहेर काढलं, तर उजवं चाक बसलेलं. टायर निसटलाय आणि रिमला चीर गेली आहे. दुकानदार म्हणाला, चाक काढून आणा, नवं रिम चढवून देतो. काढून आणा म्हणे! जशी काही बोटातली अंगठीच उतरवायची आहे. ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या. ते ढिम्म.

आपली पैज विसरला नाहीस ना? पहिला गुडघाभर बर्फ पडेल त्या दिवशी दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मी स्वतः मोकळी करायची. नाही जमलं तर घराला कुलूप, आणि हिवाळाभर मी तुझ्याकडे फ्लोरिडात. शेजारच्या बोड्रीने करून दिली तर ती धरायची नाही, ही अट तुझीच. फावडं माझ्या पाठीला आता झेपत नाही, तेव्हा सगळी भिस्त या यंत्रावर. दादा, एक हिवाळा चूल पेटली नाही की घर माणसाला विसरतं. खाणवाल्यांची घरं तू पाहिली आहेस, कुलूप लावून गेले आणि परत आले तेव्हा छप्पर खाली बसलेलं. मला हे घर गमावायचं नाही. यंत्रांत तुझा जन्म गेला. तेव्हा ठरल्याप्रमाणे जे जे ठाऊक असेल ते सगळं लिही, हातचं राखू नकोस.

निसूचा गोड पाव भाजला आहे. वेलदोडा जरा जास्त पडला. तुझ्या वाटचा मीच खाते.

कळावे. लोभ आहेच, तो तिथल्या उन्हात वाळू देऊ नकोस.

तुझी
लेम्पी

लेक वर्थ, फ्लोरिडा
१० ऑक्टोबर

चि. लेम्पीस,
अ. उ. आ.

शिव्यांनी चाक निघत असतं तर रेइनोने सगळ्या गावाची चाकं काढली असती. नीट वाच. चाकाच्या मधल्या तुंब्यातून आणि आतल्या आसेतून आरपार एक खीळ असते. ती काढल्याशिवाय चाक जन्मात सुटणार नाही. खीळ निघाली की गंज सोडवायचं तेल घाल, औषधासारखं सकाळ-संध्याकाळ. मग चाक बाहेर ओढू नकोस. आधी जागच्या जागी मागेपुढे फिरव. गंज सासूसारखा असतो, ओढाताण केलीस की जास्तच धरून बसतो.

गंमत बघ. चाक निघालं नाही तर मी जिंकणार, आणि ते काढायचं कसं हेही मीच शिकवतोय. तुझ्यासाठीची खोली मी पिवळी रंगवली आहे. खिडकीत लिंबाचं झाड येतं. इथल्या फिनिश मंडळींच्या हॉलमध्ये कॉफीला जमतो तेव्हा बाकीचे नातवंडांच्या गोष्टी सांगतात आणि मी तुझ्या.

काल दुपारी खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात बर्फ पडत होता. भुरभुर नव्हे, आपल्याकडचा, जाड आणि संथ, कुणी वरून पिसं उशीतून काढून सोडावीत तसा. त्यात मी लहान होतो आणि आई साउनाच्या दारातून, वाफेत उभी राहून, अंघोळीला हाक मारत होती. जाग आली तर शेजारी गवत कापत होता. पुन्हा डोळे मिटून घेतले. फावडं फेकून इथे आलेल्या माणसाचं हे असं. कुणाजवळ बोलू नकोस.

हातोडी मारताना अंगठा बाजूला ठेवावा आणि भावावरची माया आहे तिथेच ठेवावी, ही विनंती.

तुझा दादा
ऑन्नी

टॉयव्होला
१८ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खीळ सापडली, आणि रेइनोचा पराक्रमही. एकदा ऐन जानेवारीत त्याची खीळ बर्फात पडली होती, आठवतं? लोहचुंबक घेऊन तो अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर रांगत होता. इथे कुणाची ना कुणाची खीळ दर हिवाळ्यात हरवतेच. पण रेइनो तो रेइनो. खाणीतल्या जुन्या बोल्टाची खीळ केली आणि दोन्ही टोकं ठोकून चपटी करून टाकली. मी मेल्यावरही ही पडायची नाही, असं मला ऐटीत सांगितलं होतं. खरंच बोलला.

कानस घेऊन बसले. एकेक टोक घासायला एकेक सकाळ गेली. खाली तो लोखंडाचा चकाकता भुगा पडत होता आणि मला वाटत होतं, त्याच्याच हाताचं काहीतरी मी पुसते आहे. दोनदा कानस खाली ठेवली. शेवटी पंच लावून ठोकली आणि खीळ सुटली. चाक मात्र तसंच. तेल प्यायलं, ढेकर दिली आणि बसून राहिलं.

आता एक मनात आलंय. आई म्हणायची ना, साउना, डांबर आणि दारू यांनी जे बरं होत नाही ते दुखणं मरणाचंच. आपण सगळे साउनात जन्मलो, आजोबांना शेवटची अंघोळही तिथेच घातली. मग या यंत्राने काय घोडं मारलंय? येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी त्याला आत नेऊन शेकणार आहे. लोखंड तापलं की तेल मुरेल. हसू नकोस.

लोभ असावा, आणि त्या शनिवारी त्यापेक्षा थोडा जास्त असावा.

तुझी
लेम्पी

लेक वर्थ
२४ ऑक्टोबर

चि. लेम्पे,

आशीर्वाद नंतर. पेट्रोल! टाकी रिकामी कर. नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलंही काढ. टोपण उघडं ठेवून चांगलं दोन-तीन दिवस बाहेर वाऱ्यावर ठेव. एक थेंब राहिला तर चूल, साउना आणि तू, सगळं एकदमच ढगात जाईल. तुला फोन लावला, घंटी वाजते की नाही तेही मला कळलं नाही. चाक गेलं खड्ड्यात. घर गेलं तरी चालेल. तू राहा. हे पत्र शनिवारच्या आत पोचू दे म्हणून, कधी नव्हे तो, देवाला सांगितलंय.

ऑन्नी

(पोस्टकार्ड)
टॉयव्होला, ३१ ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. न. तुझं पत्र आज पोचलं, शनिवार उलटून गेल्यावर. मी आहे. साउनाही आहे. पेट्रोल कधीच काढलं होतं, तुझीच बहीण ना मी? बाकी गुडघाभर पडल्यावर लिहीन, तोवर जीव टांगलेला राहू दे. लोभ दिसला, पावले. लेम्पी

टॉयव्होला
१४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आता सगळं सांगते. फळ्या टाकून यंत्र एकटीने साउनात नेलं. त्याचं तोंड चौकटीला घासलं, रेइनो असता तर कळवळला असता. अडलेलं चाक ओंडका लावून उचललं आणि दुपारी चूल पेटवली. दगडांवर पाणी टाकलं नाही, गंजाला वाफ कशाला पाजायची? मी टॉवेल गुंडाळून खालच्या बाकावर, यंत्र समोर, अबोल पाहुण्यासारखं.

बर्चच्या लाकडाचा वास, तेलाचा वास. ऊब मुरत गेली तसतसं हे कुठलं वर्ष, मी केवढी, काहीच लक्षात राहिलं नाही. बाहेर आई गाई बांधत असेल असंही वाटलं. आणि वरच्या बाकावर रेइनो होता. भास म्हण हवं तर. साउनात तो बोलत नसे, तसाच गप्प. मी वर पाहिलं नाही, पाहिलं असतं तर गेला असता. मनातच म्हटलं, तुझी खीळ कापली रे मी, रागावू नकोस. मला इथे राहायचंय.

मग विहिरीच्या गार पाण्यात भिजवलेलं फडकं आसेच्या टोकाला गुंडाळलं. आस आखडली, तुंबा तापलेलाच. हातमोजे घालून चाक मागेपुढे फिरवलं, तू सांगितलंस तसं. आधी केसभर, मग बोटभर. कुई करून ओरडलं आणि माझ्या मांडीवर येऊन पडलं. तेव्हा वर पाहिलं. बाक रिकामा होता. मी मोठमोठ्याने रडले, दादा. रेइनो गेल्यावर अशी रडलेच नव्हते. मग यंत्र बाहेर काढलं, दगडांवर तांब्याभर पाणी फेकलं आणि सावकाश अंघोळ केली.

नव्या रिमचं चाक आलं. आसेला भरपूर ग्रीस चोपडलं आणि खीळ दुकानातली घातली, हाताने काढता येते तसली.

परवा शनिवारी उजाडलं तेव्हा सगळं पांढरं. दारात उतरून उभी राहिले, गुडघा झाकला. यंत्र तिसऱ्या ओढीला सुरू झालं. रस्त्याच्या तोंडाशी रस्ता साफ करणारी सरकारी गाडी नेहमीची बर्फाची भिंत टाकून गेली होती, तीही फोडली. बोड्री कुंपणाशी उभा राहून नुसता बघत होता, मदतीला आलास तर याद राख असं मी सांगूनच ठेवलं होतं. रस्त्यावर पोचले आणि मागे वळून पाहिलं. इतकी वर्षं वाट रेइनो काढायचा आणि मी खिडकीतून बघायची. बर्फातून, रस्त्यावरून, माझं घर कसं दिसतं ते मला माहीतच नव्हतं. धुराड्यातून धूर निघत होता. चांगलं दिसतं रे.

पैज मी जिंकले. तुझ्या पिवळ्या खोलीचं मात्र वाईट वाटतं, अगदी मनापासून.

कळावे. हरलास म्हणून लोभ आटू देऊ नये.

तुझी
लेम्पी

लेक वर्थ
२१ नोव्हेंबर

चि. लेम्पीस,
अ. उ. आ.

हरलो. हॉलमध्ये उभा राहून सगळ्यांना सांगितलं. कॉफी ओतणारी हेल्मी म्हणाली, मग एवढे खुशीत का आहात?

खरं लिहितो. तू तिथे एकटी, तुझं कसं होणार, असं म्हणत मी पैज लावली. तुझं काही बिघडणार नव्हतं. इथे संध्याकाळी दार लावलं की दुसऱ्या दिवशीच्या कॉफीपर्यंत मला नावाने हाक मारणारं कुणी नसतं. मला सोबत हवी होती, म्हणून मी तुझ्या घराला कुलूप लावायला निघालो होतो. साउनात तू रडलीस ते वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली.

तीन डिसेंबरच्या बसचं तिकीट काढलं आहे. ठेवून घेणार असशील तर हिवाळा तिथेच काढीन म्हणतो. लोभ सोबतच घेऊन येतो आहे, तेव्हा इथे वेगळा मागत नाही.

मला न्यायला येऊ नकोस. बस रस्त्यावर सोडील. पाय आता बर्फात भरवशाचे राहिले नाहीत, दारापर्यंतची वाट तेवढी मोकळी ठेव.

तुझा दादा
ऑन्नी