साहेबांच्या सहीचे पत्र

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, पक्ष कार्यालयातून निवृत्त, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीस मिळावी. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तेवढा बदलून घ्यावा.

२. टाइपरायटर कार्यालयातील टंकलेखिका बाईंस द्यावा. पक्षाध्यक्ष साहेबांची सगळी भाषणे त्यावरच टाइप झाली. "काय बोलले साहेब!" असे लोक म्हणाले, की आम्ही दोघे गालातल्या गालात हसत असू.

३. विजयसभेचा फोटो सरचिटणीसांना. मधोमध ते आहेत, डाव्या कडेला दिसते ते कोपर माझे. ती निवडणूक आपणच जिंकून दिली असे ते सांगत फिरतात. खुशाल सांगोत, पण फोटो कापू नये.

४. माझी पत्नी गेली तेव्हा साहेबांच्या सहीने एक सांत्वनपत्र आले. मुलीने ते फ्रेम करून लावले आहे. अंत्यविधीला माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मुलगी म्हणाली, "बाबा, साहेबांना आई कळली. तुम्ही बत्तीस वर्षं तिच्यासोबत काढलीत, तुम्हाला दोन शब्द सुचले नाहीत?" तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. याला नऊ वर्षे झाली.

साहेबांची सांत्वनपत्रे मीच लिहीत असे. लिहून दिलेल्यावर हक्क सांगायचा नाही, हा आमच्या कामाचा नियम. तेही पत्र सवयीने लिहायला बसलो, आणि साहेबांच्या नावाआड गेल्यावरच मला रडता आले. कच्चा खर्डा माझ्या अक्षरात, कपाटाच्या वरच्या खणात आहे. तो मुलीस द्यावा. नियम मोडून जाहीर करतो, की ते पत्र माझे आहे. मला पत्नीची फार आठवण येते. मुलीचीही येते, ती तर दोन गल्ल्यांवर राहते.

खर्ड्यावर विश्वास बसला नाही, तर बाळ, पत्राची शेवटची ओळ पुन्हा वाच : "वहिनी पाहुण्यांच्या चपला दाराकडे तोंड करून ठेवायच्या, निघताना कोणाला अवघडायला नको म्हणून." ही ओळ लिहिताना माझी चूक झाली. साहेब आपल्या घरी एकदाही आले नव्हते.

सही : माझी स्वतःची

साक्षीदार : टंकलेखिका बाई, खालच्या मजल्यावरचे औषधवाले

ठिकाण : स्वयंपाकघरातले टेबल, पत्नीच्या खुर्चीसमोर

तारीख : सतरा मार्च, तिचा वाढदिवस