भिंतीपासून दोन हात

४ डिसेंबर १९७८
प्लास्टर निघाले. पुराचे पाणी उतरून चार दिवस झाले होते, तेव्हा स्वयंपाकघराची विटांची भिंत माझ्या अंगावर पडली. हाड जुळले, पण गुडघा चाळीस अंशच वाकतो. हॉस्पिटलात पूरग्रस्तांसाठी व्यायामाचा हॉल उघडला आहे. तिथल्या मिश्राजींनी घरचा व्यायाम दिला: भिंतीला पाठ लावायची, हळूहळू खाली घसरायचे, पुन्हा वर. दहा वेळा, दिवसातून तीनदा. कॉपीत, म्हणजे वहीत, लिहून आणायचे. सोपे आहे.
संक्रांतीला बालाजी घाटावर वसंतपूजा. वैदिकांच्या पंक्तीत मंत्र म्हणायला मला पहिल्यांदाच बोलावणे आहे. मांडी घालता आली नाही तर जागा विश्वेश्वरला, माझ्या चुलतभावाला, असे गुरुजी म्हणाले. चाळीस दिवस, रोज दोन अंश. मांडीला लागणारे एकशेवीस सहज होतील.

५ डिसेंबर
भिंत ओलसर वाटली. व्यायाम उद्यापासून. खाट खोलीच्या मधोमध ओढली. हवा खेळती राहते.

६ डिसेंबर
काठीने भिंत ठोकली. पोकळ आवाज. प्रभाताई म्हणाली, दोन हात जाडीची दगडी भिंत आहे, पोकळ दुसरेच काही असेल. मोठी बहीण आहे, सोडून दिले. खोलीच्या मध्यभागी उभे राहून मागे भिंत आहे अशी कल्पना केली आणि घसरलो. खरोखरच घसरलो. कॉपीत १०, १०, १०.

११ डिसेंबर, सकाळ ९
हॉस्पिटलची आजची खेप बुडाली. दुर्गाघाटाच्या गल्लीत समोरून सांड आला. सगळे भिंतीला चिकटले. मला ती पद्धत पसंत नाही. कुबड्यांवर उलटा चालत घरापर्यंत आलो, सांड मागोमाग. पानवाल्याने विचारले, का गुरु, याला जेवायला बोलावले आहे का? सगळी गल्ली हसली. घाम पुसायला दहा मिनिटे लागली. ऊन फार होते.

१८ डिसेंबर
मिश्राजींनी कोन मोजला. बेचाळीस. यंत्र जुने असावे. त्यांनी कॉपी पाहिली: तीनशे साठ वेळा. मग मला फिरवून पाठ पाहिली. म्हणाले, पुरानंतर घरोघर चुना मारलाय, सगळ्यांच्या कुर्त्यांना लागतो, तुमच्या कसा नाही? मी म्हणालो, कुर्ता कालच धुतला.

१९ डिसेंबर
हात लांब करून भिंतीचा चुना बोटांना घेतला आणि हॉस्पिटलला घालायच्या कुर्त्याच्या पाठीवर लावला. याला खोटेपणा म्हणता येणार नाही. भिंतीला हात लागला, ही प्रगतीच. नंतर छाती बराच वेळ धडधडत होती. थंडीत तसे होते.

२ जानेवारी १९७९
मिश्राजींनी पाठ पाहिली आणि कंपाउंडरलाही बोलावले. पाची बोटे स्पष्ट उमटली होती. "शाबाशी किसने दी, पंडितजी?" मग कंपाउंडर गेल्यावर हळूच विचारले, भिंतीची भीती वाटते का. मी सांगितले, भीती नाही, मी काळजी घेतो. चव्वेचाळीस अंश.

१३ जानेवारी
उद्या वसंतपूजा. शहात्तर अंश बाकी. गरम तेल, मनोनिग्रह. सायंकाळपर्यंत जमेल.

सायंकाळ
तेल संपले.

१४ जानेवारी
पंक्तीत विश्वेश्वर बसला. खिडकीतून मंत्र ऐकू येत होते. एके ठिकाणी त्याचा स्वर चुकला. मी इथून दुरुस्त केला. कोणी ऐकले नाही.
ताई तिळगूळ घेऊन आली. मी खोलीच्या मधोमध खाटेवर, पाय लांब. तिने वाटी ठेवली, कुबड्या हातात दिल्या आणि स्वतः जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली.
"मी भिंतीला टेकते. तू मला टेक."
मी म्हणालो, आज सण आहे, उद्या पाहू. ती हलली नाही. म्हणाली, पडलीच तर आधी माझ्यावर पडेल.
तिला पाठ लावली. डोळे मिटले. विटांचा तो आवाज आला, मग कळले की माझेच दात वाजताहेत. ताई खाली सरकली, तिच्याबरोबर मी. गुडघा कळवळला. थोडेसेच गेलो. मग तिने काखेत हात घालून वर ओढले.
भिंत पडली नाही.
ताईची संक्रांतीची काळी साडी मागून पांढरीफटक झाली. माझा कुर्ता स्वच्छ.
कॉपीत आधीचे सगळे दहा खोडले. आजच्या तारखेपुढे एक लिहिला. मग तो खोडून अर्धा केला.