पहिला मीच

४ जानेवारी
दुकानातून आणलेल्या मोठ्या कंपनीच्या चकतीचा तिसरा स्क्रू निघेना म्हणून सुरी घातली. झाकण फुटलं. प्लास्टिक हलक्या प्रतीचं. आत पाहिलं. आमचंच यंत्र. वॉशिंग मशीनखाली ठेवायची चकती. पाणी गळलं की फोनवर मेसेज. तेच बटण, बटणाखाली तीच स्पंजची कडी. हवेतल्या ओलीने फसायचं नाही, खरं पाणी आलं तरच फुगून बटण दाबायचं. ही कल्पना माझी. बायकोने भांडी घासताना सुचवली, पण तेव्हा मी तिथे होतो.
मोठ्या कंपनीने सरळ उचललं आहे.
मला राग आलेला नाही. जेवलो नाही, त्याचं कारण वेगळं.
पेटंट माझ्या नावावर आहे. उद्यापासून पहाटे उठून पुरावे जमवणे.

५ जानेवारी
साडेनऊला उठलो.
वकीलबाईंकडे गेलो. मेहुणा सोबत होता. फुटकी चकती टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली आणि एकच विचारलं : पेटंटचा अर्ज करण्याआधी ही वस्तू बाहेर कुठे दाखवली होती का? मला प्रश्न आवडला नाही. चोरी त्यांनी केली, चौकशी माझी. म्हटलं, माझ्या प्रामाणिकपणाबद्दल गावभर विचारा. त्या म्हणाल्या, बरं. त्यांना नोटीस धाडते. कंपनीला काही पाठवायचं असेल तर माझ्यामार्फतच पाठवा.
बाई हुशार आहेत, पण धडाडी नाही.

९ जानेवारी
वकीलबाईंचा फोन. मोठ्या कंपनीला कोर्ट नको आहे. पेटंट वापरायची परवानगी द्या, रीतसर मोबदला देऊ, तुम्हा दोघांनाही आमच्या डिझाइन विभागात घेऊ, असं म्हणतात. उत्तर महिनाअखेरपर्यंत.
म्हणजे घाबरले.
मेहुण्याला सांगितलं. तो सोल्डरिंग करत होता. हातातलं खाली ठेवून म्हणाला, भाऊजी, घ्या ना. तिकडे खुर्चीला पाठ असते. हा माझ्या शब्दावर पक्की नोकरी सोडून आला, तेव्हापासून स्टुलावर बसतो. म्हटलं, आपण तत्त्वाबद्दल बोलतोय, तू पाठीवर कुठे घसरलास.
जेवताना बायको म्हणाली, अहो, तुम्हाला जायचं नसेल तर नका जाऊ. पण त्याचं वय होत चाललंय. त्याला तरी जाऊ द्या.
विचार करतो म्हटलं. केला. नाही.

१५ जानेवारी
माळ्यावर घबाड सापडलं. प्रदर्शनात वाटलेली आमची पत्रकं. पेटंटच्या अर्जाच्या आदल्या वर्षीची. चकतीच्या आतल्या भागाची आकृती, स्पंज बाणाने दाखवलेला. यापेक्षा मोठा पुरावा नाही. त्यांच्या आधी मी, आणि माझ्या पेटंटच्याही आधी मी.
वकीलबाई सुटीवर. वाट कशाला पाहायची? कंपनीच्या वकिलांना थेट मेल केला. विषय : आता बोला.

१६ जानेवारी
उत्तर आलं. आभारी आहोत. याहून जुनं काही असल्यास अवश्य कळवावे.
सभ्य माणसं आहेत. हादरली आहेत.

१९ जानेवारी
याहून जुनं आहे! कॉलेजातलं माझं व्याख्यान. अर्जाच्या दोन वर्षं आधी. तासभर फळ्यावर स्पंज समजावला. शेवटी विद्यार्थ्यांकडून दोन चकत्या बनवूनही घेतल्या. त्याचा व्हिडिओ अजून इंटरनेटवर आहे. पाहिलेले लोक : बरेच. मी त्यात सडपातळ दिसतो.
मेहुणा म्हणाला, भाऊजी, एकदा बाईंना विचारून पाठवा. म्हटलं, तू तुझं सोल्डरिंग बघ.
पाठवला.

२२ जानेवारी
वकीलबाई परतल्या. फोन केला. लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागल्या. पेटंट नव्या वस्तूला मिळतं. अर्जाआधी तुम्हीच ती चारचौघांत उघडून दाखवली, तर अर्जाच्या दिवशी ती नवी राहिली नव्हती. असं पेटंट टिकत नाही. त्यांना एवढंच सिद्ध करायचं होतं, ते तुम्ही करून दिलंत.
म्हटलं, पण दाखवली मीच ना?
हो.
म्हणजे पहिला मीच?
हो.
मग झालं.
त्या म्हणाल्या, झालंच. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं तुम्हाला. मी म्हटलं, तुमचा सूर संशयाचा होता.
वकील बदलावा का? पाहू.

३१ जानेवारी
कंपनीने देऊ केलेलं सगळं मागे घेतलं. वर माझं पेटंट रद्द व्हावं म्हणून पेटंट कार्यालयात अर्ज केला.
मेहुण्याला बातमी मी शांतपणे दिली. तो म्हणाला, ठीक आहे भाऊजी. पंखा बंद करून घरी गेला. पंखा मला हवा होता.
बायकोने भाजी वाढली, पोळी वाढायची राहिली. मागितली नाही.
संकल्प : सुनावणीसाठी बोलण्याचा सराव. आरशासमोर, रोज.

१८ मार्च
दुकानात आणखी दोन कंपन्यांच्या चकत्या आल्या. एकीचा रंग बरा आहे.
सराव उद्यापासून.

२४ सप्टेंबर
सुनावणी झाली. उत्तम झाली. समोरच्या वकिलांनी माझी स्तुती केली. म्हणाले, अत्यंत मनमोकळे संशोधक, काहीही लपवून ठेवत नाहीत. मग पडद्यावर माझं व्याख्यान लावलं. खोलीतले सगळे लक्ष देऊन ऐकत होते. कॉलेजात असं कोणी ऐकलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे तुम्हीच का? मी उभा राहून म्हणालो, हो, मीच.
वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. थकल्या असतील.
बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, बोललात छान. चेष्टा असावी. त्याला पूर्वी चेष्टा जमत नसे.

९ नोव्हेंबर
निकाल आला. पेटंट रद्द.
पण सातवा परिच्छेद वाचण्यासारखा आहे. ही रचना सर्वप्रथम पेटंटधारकानेच जाहीर केल्याचे निर्विवाद सिद्ध होते. निर्विवाद! सरकारी कागदावर. बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, मग आता ते यंत्र कोणीही बनवू शकतं? म्हटलं, हो, कोणीही. तुम्हीसुद्धा? म्हटलं, मीसुद्धा. ती म्हणाली, तेवढं बरं आहे.
सातवा परिच्छेद फ्रेम करावा म्हणतो.
मेहुणा दारात उभा होता. म्हणाला, भाऊजी, मी तिकडे गेल्या महिन्यात अर्ज केला होता. घेतलंय. उद्यापासून. मी म्हटलं, जा, माझी परवानगी आहे. आतून बायको म्हणाली, त्याने विचारलेलं नाही, सांगितलंय.

१० नोव्हेंबर
मेहुणा सकाळी मोठ्या कंपनीत रुजू झाला. साडेदहाला त्याचा फोन आला. आपण स्पंजची कडी कोणत्या गोंदाने चिकटवायचो, त्यांच्या कड्या सुटताहेत, म्हणाला. हा गोंद मी पत्रकात छापला नव्हता, व्याख्यानातही सांगितला नव्हता. नाव सांगितलं. त्याने लिहून घेतलं.