कोरडा शिरखुर्मा

आप्पा, तुमचा मला अगदी कंटाळा आलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या घरातलं एक भांडण तुमच्याशिवाय होत नाही. माझी मुलगी पुढच्या महिन्यात तिच्याबरोबर नोकरी करणाऱ्या मुसलमान मुलाशी लग्न करतेय, इथं परभणीतच, नोंदणी पद्धतीनं. साक्षीदार म्हणून मामानं सही करावी, एवढंच तिचं मागणं. तर तुमचे चिरंजीव मानवतहून आले आणि चपला न काढता दारातूनच म्हणाले, "ताई, आप्पा असते तर उंबऱ्यात आडवे पडले असते." मुलगी म्हणते, "मामा, आजोबांचे जिवलग दोस्तच मुसलमान होते. त्यांनी सगळ्यांच्या आधी सही केली असती." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जणू तुम्ही आत चहा पीत बसलाय आणि मी विचारून येणार आहे.

मला आपली तुमची ईद आठवते. तुमचे ते दोस्त, शाळेतले चित्रकलेचे मास्तर, सकाळीच दारात यायचे. तुम्ही दोघं कडकडून गळाभेट घ्यायचात. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचा पुडा. शेवया, खारीक, चारोळी, साखर, सगळं कोरडं. त्यांच्या भांड्यात शिजलेलं आपल्याकडे चालत नव्हतं ना. आई ते आपल्या पातेल्यात शिजवायची. ज्याच्या घरी पहाटेपासून शिरखुर्मा उकळतोय, तो माणूस आपल्या घरी बसून आईच्या हातचा शिरखुर्मा "वा, वा" करत खातोय! मी चौथीत असेन. विचारलं, "मास्तरकाका, तुमच्याकडं तयारच असंल की. तोच का नाही आणला?" मास्तर हसले. तुम्ही म्हणालात, "आत जा. जास्त शहाणपणा नको." पुढे त्याच मुलीला तुम्ही सगळ्या भावकीशी भांडून औरंगाबादला कॉलेजात घातलंत. म्हणजे शहाणपणा तुम्हाला हवा होता, फक्त स्वयंपाकघरात नको होता.

काल ईद झाली. सकाळी मुलाच्या आईकडून पुडा आला. शेवया, खारीक, चारोळी. माझं डोकंच फिरलं. ही बाई शाळेत शिकवते! लगेच फोन लावला. "हे काय पाठवलंत?"

"तुमच्याकडं आमच्या भांड्यातलं चालत न्हाई ना, बाई. आमच्या अम्मीपासून असंच देतो आमी."

"माझी मुलगी उद्या तुमच्या घरात जेवणार. तिलाही कोरडंच वाढणार का? शिजवून पाठवा."

पलीकडून हसू. "लय कडक हायत बाई तुमी. पाठवते."

तासाभरात मुलगा डबा देऊन गेला. मुलीशी बोलता बोलता मी तो उघडला, सगळं आपल्या पातेल्यात ओतलं आणि गॅस पेटवला.

"आई," मुलगी म्हणाली, "गरमच होतं ते."

मी गॅस बंद केला. ती वाट्या काढायला लागली. आणखी काही बोलली असती तर मला निदान रागावता तरी आलं असतं. तुम्हाला मात्र मनातल्या मनात भरपूर बोलून घेतलं, कारण ते पातेलं माझ्या हातात तुम्हीच दिलंत.

मामा आला तर ठीक, नाहीतर सही मी करीन. तुम्ही काय केलं असतंत हे आता मला कुणी विचारू नये. हा कागद तुम्हाला पोचणार नाही, म्हणून सांगून टाकते. मी दोन वाट्या खाल्ल्या. आईच्यापेक्षा कितीतरी चांगला होता, आप्पा. मास्तरकाका इतकी वर्षं उगाच "वा, वा" करत होते.